व्हाळात सोडलेली सरस्वती

देवाची तांब्यापितळेची भांडी शामला दर गुरुवारी आमसुलाच्या पाण्यानं घासते. चिंच इथे डचांच्या देशातही मिळते, पण वेंगुर्ल्याला तिच्या माहेरी आमसुलंच वापरत, तेव्हा तिच्या हाताला तेच ठाऊक. त्या गुरुवारी निरांजन झालं होतं, पळी-पंचपात्र झालं होतं, ताम्हण अर्धं लखलखीत आणि अर्धं काळं असं हातात होतं, आणि दाराची बेल वाजली.

तिनं कोपरानं दाराची मूठ खाली दाबली. बाहेर शेजारचे एव्हर्ट, दोन्ही हातांत केक भाजायचा ट्रे धरून.

"शामला, आत येऊ का? दारात उभं राहून बोलण्यासारखी गोष्ट नाही."

एव्हर्ट म्हणजे जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेले मास्तर. सत्तरी ओलांडली, बायको गेली, तेव्हापासून दर मंगळवारी शामलाला डच शिकवायला येतात आणि तिच्या हातचे घावणे खाऊन जातात. तोंडावर ती त्यांना नुसतं एव्हर्ट म्हणते, कारण इथं तीच पद्धत. घरात मात्र ते एव्हर्टकाका. त्यांनी बूट काढले. तिच्या घरची ती रीत त्यांनी कधी चुकवली नव्हती. ट्रे टेबलावर ठेवला. त्यावर इस्त्रीचं पुसणं झाकलेलं होतं. तिला वाटलं, काकांनी सफरचंदाचं काहीतरी भाजून आणलंय.

त्यांनी पुसणं उचललं. खाली तिची सरस्वती होती.

पांढऱ्या दगडाची, वीतभर उंचीची, वीणेवरचा एक हात मनगटापासून तुटलेला. शेजारी लक्ष्मीच्या तसबिरीची रिकामी चौकट. घडी घातलेलं जरीकाठी लाल वस्त्र. थोड्या सुपाऱ्या आणि नारळाच्या शेंड्यांचा पिंजलेला गोळा. सगळं धुऊन, पुसून, ओळीनं मांडलेलं. सरस्वतीच्या केसांतला चिखलसुद्धा कुणीतरी बारीक ब्रशनं काढला होता.

"रस्त्याखालच्या मोरीत अडकलं होतं," एव्हर्ट म्हणाले. "परवाच्या पावसात पाणी तुंबलं ते यामुळे. मोरी उपसणाऱ्यांनी सगळं काठावर टाकलं होतं, मी बघितल्याबरोबर ओळखलं. कुणीतरी तुमच्या देवीला चरात फेकलंय, शामला. हातही मोडलाय तिचा."

शामलाच्या हातांवरून आमसुलाचं लाल पाणी टपटप जमिनीवर पडत होतं.

"मी नाव घेत नाही. पण तुमच्या घंटेबद्दल या गल्लीत कुणी तक्रार केली होती हे सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी सगळी गल्ली कॉफीला जमते ना, तिथं मी बोलणार. नगरपालिकेलाही कळवणार. आणि तुमची माफी मागतो. आमच्या गल्लीच्या वतीनं मला शरम वाटते."

"डांक यू," शामला म्हणाली. सहा वर्षांत शिकलेल्या एवढ्या डचमधून तिला तेवढंच सापडलं.

ते गेले. ताम्हण तसंच ओट्यावर राहिलं, अर्धं उजळ, अर्धं काळं.

आता खरी गोष्ट अशी, की सरस्वतीला पाण्यात कुणी फेकलं नव्हतं. शामलानंच तिला सोडलं होतं, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून. आईनं लग्नात दिलेली मूर्ती. मागच्या वर्षी मुलीचा, वल्लरीचा, चेंडू देव्हाऱ्यावर आला आणि हात गेला. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, आणि देवाला कचऱ्यात टाकायचं तर हात धजत नाही. तसबिरीचं तेच, कलशावरच्या नारळाचं तेच, रोजच्या निर्माल्याचं तेच.

नवऱ्याच्या नोकरीपायी ती इथं आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं आईला फोन करून विचारलं होतं, निर्माल्य कुठं सोडू म्हणून.

"व्हावत्या पाण्यात सोड गो," आई म्हणाली होती. "कचऱ्यात घातलंस तर माका सांगू नको."

घराच्या मागे, गवताच्या पलीकडे, पाण्याचा सरळसोट चर आहे. डच त्याला स्लोट म्हणतात. शामलानं त्याला पहिल्याच दिवशी माहेरच्या ओढ्यासारखं व्हाळ म्हटलं आणि माहेर भेटल्यासारखं वाटलं तिला. तेव्हापासून ती पहाटे, गल्लीला जाग यायच्या आत, शाल गुंडाळून जायची, नमस्कार करून सोडायची आणि परत यायची. गल्लीला जाग यायच्या आतच का, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नाही. त्या दिवशी ट्रेसमोर बसल्यावर ते आपोआप विचारलं गेलं, आणि उत्तरही आपोआप आलं.

ज्याचं नाव एव्हर्टनी घेतलं नव्हतं तो हेंक. रांगेतलं शेवटचं घर त्याचं. माणूस तुसडा. गेल्या वर्षी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानं लिहिलं होतं, "सकाळी सहाला घंटा वाजते. इथं चर्चसुद्धा इतक्या लवकर उठत नाही." तेव्हापासून शामला घंटा पदरात धरून वाजवते, आणि हेंक समोर आला की सायकलवरूनच मान दुसरीकडे वळवते. आता मोरी तुंबली तिच्यामुळे, पाणी शिरलं सगळ्यात आधी हेंकच्या शेडमध्ये कारण त्याचीच जागा सखल, आणि आळही हेंकवरच. करून गेला गाव आणि कान्होबाचं नाव म्हणतात, ते असं.

संध्याकाळी यतीन, तिचा नवरा, अ‍ॅमस्टरडॅमहून आला तो फोन बघतच. एव्हर्टनी ट्रेचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. त्याखाली कुणी हृदयं पाठवली होती, कुणी फुलं. "शामला, आम्ही तुझ्याबरोबर आहोत," असं पाच-सहा जणांनी लिहिलं होतं.

"हे आपलंच विसर्जन ना?" त्यानं ट्रेकडे बघत विचारलं.

"हो."

"मग काकांना सांगितलं नाहीस?"

"तोंड उघडलं नाही माझं."

यतीननं टाय सैल केला. "आता नकोच उघडू. नागरिकत्वाचा अर्ज पडलाय. त्यात हे चरात टाकल्याचं प्रकरण कुठं निघायला हवं? आणि हेंक काय मोठा साधुसंत आहे? आठ दिवसांत विसरतील लोक."

"तो विसरेल?"

"तुला केव्हापासून त्याचा एवढा पुळका?"

वल्लरी जिन्यात बसून ऐकत होती. अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये देते. "शाळेत सगळे म्हणतात हेंकनं तुमच्या देवाचा हात तोडला," ती म्हणाली. "हात मी तोडला. तेव्हा तू मला अर्धा तास खरं बोलण्यावर लेक्चर दिलंस, आई."

यतीन हसला आणि मग त्याच्या लक्षात आलं की हसायचं नव्हतं.

त्या दिवशी दिव्याजवळ बसल्यावर शामलाला स्तोत्र आठवेना. सरस्वती देव्हाऱ्यात ठेवता येत नव्हती, पाण्यात सोडता येत नव्हती, कचऱ्यात तर नव्हतीच नव्हती. शेवटी टॉवेलमध्ये गुंडाळून तिला धुण्याच्या मशीनवर ठेवलं. यंत्र फिरायला लागलं की देवी थरथरायची.

शामलाला एव्हर्टच्या मंगळवारांची आठवण होत राहिली. ते व्याकरण शिकवत नसत, गोष्ट सांगत. हे बेमस्टर, जिथं आपण बसलोय, ते चारशे वर्षांपूर्वी तळं होतं, ते म्हणायचे. वादळात काठाची गावं गिळणारं तळं. त्याच सुमाराला अ‍ॅमस्टरडॅमची जहाजं पूर्वेकडची वाट शोधून मिरी-लवंगा भरभरून आणायला लागली होती. त्या व्यापाऱ्यांतल्या काहींनी पैसा काढला, सरकारनं परवाना दिला, चाळीसेक पवनचक्क्या पाणी उपसायला लागल्या. एकदा बांध फुटून सगळं पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं. मग मोजणीदार आले आणि तळ्याच्या तळावर पट्टीनं आखल्यासारखे चौकोन पाडून गेले. "दुर्बीण, नकाशे, पवनचक्की, कंपनी, सरकार, सगळं एकाच पिढीच्या हातात आलं," एव्हर्ट म्हणायचे. "जग पुन्हा पहिल्यासारखं राहिलं नाही. तुमचंही नाही आणि आमचंही नाही."

"आमच्या गावात तुमची वखार आहे," असं तिनं एकदा सांगितलं तेव्हा ते घावणा तोंडात तसाच धरून नकाशा आणायला घरी गेले होते. वेंगुर्ल्याची डच वखार, छप्पर गेलेली, भिंतींतून वडाची मुळं उतरलेली. लहानपणी त्या आवारात ती लपंडाव खेळली होती. नकाशावर गावाचं नाव बघून तिला केवढा अभिमान वाटला. पण एव्हर्टनी नकाशाची घडी घातली होती.

"जायफळाच्या बेटांवर आमच्या लोकांनी माणसं कापली," ते म्हणाले. "तो पैसाही याच मातीत आहे. मुलांना मी नुसत्या पवनचक्क्यांची गोष्ट सांगून सोडलं नाही कधी."

"चारशे वर्षं झाली. तुम्ही कशाला लाजता?"

"जमीन वापरतो ना मी अजून," एव्हर्ट म्हणाले होते.

तेव्हा ते तिला अंमळ जास्तच वाटलं होतं. आता मशीनवरच्या टॉवेलकडे बघताना वाटेना. चारशे वर्षांपूर्वीचं ओझं तो माणूस न सांगता उचलतो, आणि आपल्याला गेल्या वर्षीचं उचलवत नाही.

शुक्रवारी सकाळी ती वल्लरीला शाळेत सोडून सायकल हातात धरून येत होती. हेंक शेडमधलं भिजलेलं सामान बाहेर काढत होता. खुर्च्यांच्या गाद्या, फुगलेल्या फळ्या, गंजायला लागलेलं शिवणयंत्र. एरवी कुणाच्या घरात पाणी शिरलं की गल्ली गोळा होते. कुणी कॉफी आणतं, कुणी पंप. हेंककडे कुणी फिरकलं नव्हतं. तो तिला बघून थांबला आणि हळू, एकेक शब्द सुटा करून बोलला, तिला कळावं म्हणून.

"मला तुमची घंटा आवडत नाही. ते खरं आहे. पण दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावत नाही."

एवढं बोलून तो बघत राहिला, जणू आता तिची पाळी होती. शामलानं मान खाली घातली आणि सायकल ढकलत घरी आली. दार लावल्यावर तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काल तोंड उघडलं नाही ती घाबरगुंडी म्हणता आली असती. आजचं काय म्हणायचं? तो तर विचारत होता.

तिनं शाल घेतली आणि तडक एव्हर्टचं दार वाजवलं. ते बागेत होते, पाण्यानं कुजायला लागलेले डेलियाचे कंद उकरून बाजूला ठेवत. ते डेलिया त्यांच्या बायकोनं लावलेले होते, हे तिला माहीत होतं.

"या चरातलं पाणी कुठं जातं?" तिनं विचारलं.

"आज मंगळवार आहे का?"

"नाही. पण सांगा."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, हात झटकले आणि तिला घेऊन गल्लीच्या टोकाशी बांधावर चढले. वरून दिसलं ते तिनं सहा वर्षांत शंभरदा बघितलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. बांधाच्या पलीकडे कालवा, कालव्यात एक होडी, आणि ती होडी तिच्या घराच्या वरच्या खिडक्यांच्या उंचीवर.

"चर पंपाकडे जातो. पंप पाणी उचलून या कालव्यात टाकतो, मग पुढं समुद्रात. उचललं नाही तर ते कुठंच जात नाही, उभंच राहतं. म्हणून तर प्रत्येक घरानं आपापल्या बाजूचा काठ साफ ठेवायचा. राजा नव्हता तेव्हापासूनचा कायदा आहे. ज्याला बांध सांभाळायचा नाही, त्यानं जमीन सोडावी, असं जुने लोक म्हणत."

"आपोआप वाहत नाही?"

"कसं वाहील? समुद्र वर आहे, शामला. आपण खाली आहोत."

ती बांधाच्या गवतावर खालीच बसली. म्हणजे ज्याला ती वाहतं पाणी समजून हात जोडत होती ते वाहत नव्हतंच. सहा वर्षांत सोडलेल्यातलं काहीही समुद्राला मिळालं नव्हतं. सगळे देव तिच्या स्वयंपाकघराच्या पाठीमागं, गाळात, रस्त्याखाली बसून होते. माणसांना तर तिनं फसवलंच होतं. देवाचीही तिनं तीच गत केली होती.

"मी सोडलं ते," ती म्हणाली. "सरस्वती, तसबीर, नारळ. मीच. आमच्यात देव जुना झाला, मोडला, की त्याला पाण्याला देतात. मानानं. पाणी त्याला समुद्रात नेतं. हेंकनं काही केलं नाही."

एव्हर्टना वाक्य कळायला वेळ लागला. डच मोडकं होतं म्हणून नव्हे.

"हात?"

"वल्लरीचा चेंडू."

"चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो," एव्हर्ट म्हणाले, "की आधी विचारा, मग निकाल द्या. आणि तुमच्या दारात मी विचारलं काय? काहीच नाही. निकालच घेऊन आलो, ट्रेमध्ये." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "चला. मी हेंकला सांगतो."

"नको. तुम्ही मागून जा. आधी मी जाते."

"डच सापडेल का सगळं?"

"जेवढं सापडेल तेवढं."

हेंकनं दार उघडलं आणि आत या म्हटलं नाही. शामलानं वाटेत जुळवलेली वाक्यं होती तशी म्हणून टाकली. मी टाकलं. तुमची शेड माझ्यामुळे भिजली. मला काल सांगायचं होतं, सकाळी सांगायचं होतं, मी सांगितलं नाही. मला लाज वाटते.

"माहीत आहे," हेंक म्हणाला.

"काय?"

"टाकता ते. मी पाचला उठतो. वरच्या खिडकीतून चर दिसतो. सहा वर्षं बघतोय." त्यानं दाराच्या चौकटीला खांदा टेकला. "डोक्यावरून शाल, हात जोडलेले. कधी कधी रडता. मला वाटलं तुमचं कुणीतरी गेलंय आणि तुम्ही राख सोडता. लहान मूल असेल, असं वाटायचं."

शामलानं खांद्यावरची शाल घट्ट ओढून घेतली.

"पण तुम्ही बोलला का नाहीत?" ती कशीबशी म्हणाली. "सगळे तुम्हाला देव फोडणारा म्हणतायत."

"काय बोलणार होतो? तुमचं माणूस त्या पाण्यात आहे असं मला वाटत होतं. ते मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचं?"

शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. ती त्यांच्या तयारीनंच आली होती. ज्याच्याकडे बघून ती वर्षभर मान वळवत आली, तो माणूस सहा वर्षं तिचं नसलेलं दुःख सांभाळून होता, आणि कालपासून त्यापायी गल्लीभर बदनाम होऊन गप्प होता. शामलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हेंकला ते बघवेना. तो घाईघाईनं शेडकडे बघायला लागला.

"उद्या कॉफीच्या वेळी मी सगळ्यांसमोर सांगते," ती डोळे पुसत म्हणाली.

"सांगा. नीट सांगा. नाहीतर पुन्हा भलतंच समजतील." मग जरा थांबून, "घंटा साडेसातला वाजवता येत नाही का?"

"येते," शामला म्हणाली. "देवाचं काही म्हणणं नसतं."

"सोमवारी चरांची तपासणी आहे. तुमच्या बाजूचा काठ आजवर मी साफ करत आलो, तुम्हाला ती राख ढवळायला लागू नये म्हणून. आता तुमचा तुम्ही करायचा. गमबूट आहेत?"

"नाहीत."

"दाताळं? लांब दांड्याचं?"

"तेही नाही."

हेंकनं मान हलवली, वर्गातल्या मठ्ठ मुलीकडे बघून हलवावी तशी, आणि दार लावून घेतलं.

घरी आल्यावर तिनं आईला फोन केला आणि सगळं सांगितलं, एकही गोष्ट मागे न ठेवता. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी व्हावतां पाणी म्हटलंय. व्हावतां हा काय, ता बघूक नको तुका?" आणि थोड्या वेळानं, आवाज उतरवून, "आता मातयेक दी. माती काय परकी आसा?"

तुळशीची कुंडी थंडीमुळे आत घेतली होती, तिची जागा मागच्या वाफ्यात रिकामी होती. शामलानं मशीनवरून टॉवेल उचलला, सरस्वतीला नमस्कार केला, क्षमा कर म्हणाली, आणि ती टॉवेलसकट त्या वाफ्याजवळ ठेवली. संध्याकाळी यतीन आला की तिघांनी मिळून खड्डा करायचा होता. आत येऊन तिनं ताम्हण उचललं. काळी बाजू आणखी काळवंडली होती. तिनं ते घासून पूर्ण केलं, धुतलं, पालथं घातलं.

मग पिशवी घेतली आणि सायकल बाहेर काढली. दुकान बंद व्हायच्या आत जवळच्या पुर्मरेंड गावी जाऊन तिला गमबूट आणि लांब दांड्याचं दाताळं आणायचं होतं.